पुणे पणाला लावणारा पेशवा

पत्त्यांच्या डावात हाती मोजकीच पाने असताना चाल वाढवून प्रतिस्पर्ध्याला पेचात टाकण्याला धाडस लागते. थोरले बाजीराव (१७००-१७४०) रणांगणावर तसेच खेळले. १७१९ मध्ये वडील बाळाजी विश्वनाथ यांच्यासमवेत दिल्लीत त्यांनी मोगली सत्तेचे पोकळपण पाहिले होते. १७२७ मध्ये निजाम उलटला, तेव्हा त्याच्या तोफखान्याशी समोरासमोर झुंज टाळून ते त्याच्याच मुलखात शिरले. आजच्या हिंगोलीलगतच्या वाशीम, माहूर भागात हूल देऊन त्यांनी गुजरात गाठले. निजामाने पुणे घेतले, तरी ते बचावाला परतले नाहीत; उलट औरंगाबादवर चालून गेले. तोफा मागे टाकून धावलेला निजाम फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला पाण्यावाचून कोंडला गेला. मुंगी-शेवगावच्या तहात त्याने दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा मराठ्यांचा हक्क मान्य केला.