कमला सोहोनी

कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत (जन्म : १८ जून १९११, इंदूर, मृत्यू : १९९८, दिल्ली), या ख्यातनाम भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. कडधान्ये, दूध, नीरा इत्यादी अन्नपदार्थांतील प्रथिने व इतर घटक सजीवांच्या शरीरात नेमके कोणते कार्य करतात, हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी १९३९ मध्ये संपादन केली. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख केला जातो. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी त्यापूर्वी, १९३१ मध्ये मिळाली होती.) मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या पहिल्या महिला संचालक होत. प्रसिद्ध लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

बालपण व शिक्षण

भागवत घराण्यात रसायनशास्त्राची परंपरा होती. कमलाबाईंचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूर येथील टाटा विज्ञान संस्थेच्या (आताची भारतीय विज्ञान संस्था) सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी होते. आपणही त्याच संस्थेत जाऊन संशोधन करावे, अशी कमलाबाईंची लहानपणापासून इच्छा होती. रसायनशास्त्र हा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत सर्वप्रथम आल्या. त्यामुळे बंगळूरला प्रवेश मिळण्यात काही अडचण येईल, असे त्यांना किंवा वडिलांना वाटले नव्हते.

बंगळूरमधील प्रवेश

त्या वेळी संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुणवत्तेची उणीव हे त्याचे कारण नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते. वडील व चुलते यांनी केलेली विनंतीही निष्फळ ठरली. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या, नकाराचे लेखी कारण त्यांनी मागितले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा निर्धार जाहीर केला.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, परंतु अटी घालून. पहिले वर्ष उमेदवारीचे राहील व संचालकांचे समाधान झाल्यावरच त्यांचे काम ग्राह्य धरले जाईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीदेखील काम करावे लागेल आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होईल असे त्यांचे वर्तन असता कामा नये, अशा त्या अटी होत्या. कमलाबाईंनी त्या मान्य केल्या. मात्र हा अपमान त्या विसरल्या नाहीत. कितीतरी वर्षांनी, वैज्ञानिकांच्या सभेत त्यांचा गौरव होत असतानाही त्यांनी त्याबद्दलचे दुःख बोलून दाखवले.

श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. ते शिस्तीला कडक, पण विद्यार्थिनीच्या कुवतीवर विश्वास ठेवणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी कडधान्यांतील नायट्रोजनयुक्त घटकांचा अभ्यास सुरू केला. मटकी आणि वाल यांतील प्रथिने वेगळी काढून त्यांचे गुणधर्म तपासण्याचे त्यांचे काम याच काळातले आहे. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले व त्यांनी कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी दिली. पुढे संस्थेत इतर विद्यार्थिनींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

केंब्रिजमधील संशोधन

यानंतर शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडला गेल्या आणि केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स हे होते. शुद्ध प्रथिन, पिष्ट, मेद व क्षार एवढ्याच आहारावर ठेवलेल्या लहान उंदरांची वाढ खुंटते आणि त्यांना थोडेसे दूध दिले की वाढ पुन्हा सुरू होते, हे त्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. जीवनसत्त्वांच्या शोधाला त्यातून मोठी चालना मिळाली व १९२९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. परीक्षानळीतील पृथक्करण पुरेसे नसते, पदार्थाचा परिणाम जिवंत प्राण्यात पाहावा लागतो, हा या प्रयोगशाळेचा संस्कार कमलाबाईंच्या पुढील कामात सतत आढळतो.

सुरुवातीस त्यांनी डेरेक रिश्टर यांच्यासमवेत प्राण्यांच्या ऊतींतील विकरे व ॲड्रेनालिन यांवर काम केले. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. रिश्टर व जर्मनीतून आलेले ह्यू ब्लाश्को यांच्यासह कमलाबाईंनी ॲमिन ऑक्सिडेझ या विकरावर लिहिलेला शोधनिबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. चीजसारख्या मुरवलेल्या पदार्थांतील टायरामिन व त्या जातीची इतर द्रव्ये हे विकर शरीरात मोडून टाकते. पुढे १९५०च्या दशकात क्षयरोगावरील इप्रोनियाझिड हे औषध याच विकराचे कार्य रोखते, असे आढळले आणि त्यातून नैराश्यावरील औषधांचा एक गट निर्माण झाला. या गटातील औषधे घेणाऱ्या रुग्णाने चीज खाल्ल्यास टायरामिन न मोडता साचते व रक्तदाब एकाएकी वाढू शकतो, हेही नंतर कळले. औषध व अन्न यांचा संबंध एखाद्या प्रथिनाच्या कार्यातून कसा जुळतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

रिश्टर केंब्रिज सोडून गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या श्वसनावर काम करू लागल्या. बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतींचा अभ्यास करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे प्रथिन आढळले. या छोट्या प्रथिनात लोहाचा एक अणू असतो. अन्नाच्या ऑक्सिडीकरणातून मुक्त होणारे इलेक्ट्रॉन तो स्वीकारतो व पुढच्या विकराकडे देतो. शेवटी ते ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि या प्रवासातून पेशीला ऊर्जा मिळते. प्राण्यांच्या पेशींतील ही यंत्रणा वनस्पतींच्या पेशींतही कार्य करते, असे कमलाबाईंनी दाखवले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेझविषयी हिल व त्यांनी मिळून लिहिलेले टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. अवघ्या चौदा महिन्यांत पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. त्या काळी केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदवीचे नामाभिधान मिळे. विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व मात्र त्यांना १९४८ पर्यंत मिळाले नाही.

दिल्ली व कुन्नूर

१९३९ मध्ये कमलाबाई मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यानंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक झाल्या. सर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी उभारलेल्या या प्रयोगशाळेत भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ व आरोग्य यांची तुलना पूर्वीपासून केली जात होती. (हीच संस्था पुढे हैदराबादला गेली व राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्ध झाली.) कमलाबाईंनी येथे जीवनसत्त्वांवर काम केले. काही अन्नपदार्थ थायमिन, म्हणजेच ब-१ जीवनसत्त्व, निष्क्रिय करतात, हे त्यांनी अभ्यासले. पोषक घटकाला अडसर ठरणारा घटकही अन्नातच असू शकतो, हा मुंबईतील त्यांच्या संशोधनाचा धागा येथे प्रथम दिसतो.

मुंबईतील कार्य : कडधान्यांतील प्रथिने

१९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर कमलाबाई मुंबईस आल्या व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स (नंतरची विज्ञान संस्था) येथे जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. येथे विद्यार्थ्यांसह त्यांनी केलेले कडधान्यांवरील संशोधन विशेष महत्त्वाचे मानले जाते.

मांस, अंडी न खाणाऱ्या किंवा ती न परवडणाऱ्या भारतीय कुटुंबाला प्रथिने मिळतात ती प्रामुख्याने डाळी-कडधान्यांतून. बहुतेक डाळींत शेकडा २० ते २५ भाग प्रथिन असते. परंतु एवढ्यावरून त्यातील किती शरीराच्या उपयोगी पडते, हे समजत नाही. हे ठरवण्यासाठी दूध सुटलेल्या उंदराच्या पिलांना ठरावीक प्रमाणात एकच प्रथिन असलेला आहार काही आठवडे दिला जातो, त्यांचे नियमित वजन केले जाते आणि खाल्लेल्या प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे वजन किती वाढले, ते काढले जाते. कच्च्या कडधान्याच्या बाबतीत ही वाढ पृथक्करणावरून अपेक्षित असते त्यापेक्षा बरीच कमी भरते.

याचे एक कारण ट्रिप्सिनरोधक प्रथिने हे होय. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून आतड्यात येणारे, प्रथिनांचे पचन करणारे विकर आहे. कडधान्यातील ही रोधक प्रथिने ट्रिप्सिनच्या रेणूला घट्ट चिकटतात व त्याचे काम थांबवतात. परिणामी अन्नातील प्रथिन अर्धवट पचते. शिवाय ही उणीव भरून काढण्यासाठी उंदराचे स्वादुपिंड अधिकाधिक विकर तयार करते व आकाराने वाढते. त्या खटाटोपात शरीरातील मोलाची अमिनो आम्ले खर्ची पडतात. भारतीय भाज्या व डाळी यांतील ट्रिप्सिनरोधकांवर कमलाबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून शोधनिबंधांची मालिका प्रसिद्ध केली. रताळ्यातील अशाच द्रव्याचाही त्यांनी अभ्यास केला.

दुसरे कारण म्हणजे हिमॅग्लुटिनिन, अर्थात रक्तातील तांबड्या पेशींना एकमेकींशी चिकटवणारी प्रथिने. वालातून वेगळे केलेले असे प्रथिन आहारातून दिल्यास उंदरांची वाढ मंदावते, हे त्यांच्या प्रयोगशाळेने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. तरुण विद्यार्थिनी असताना बंगळूरला ज्या वालाच्या प्रथिनांचे पृथक्करण त्यांनी केले होते, त्याच वालाकडे तीस वर्षांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी वालात काय आहे, याबरोबरच ते प्राण्याच्या शरीरात काय करते, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

या संशोधनाचा अर्थ कडधान्ये अपायकारक आहेत, असा नाही. ही दोन्ही प्रकारची प्रथिने उष्णतेने मोठ्या प्रमाणात निष्प्रभ होतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून मग शिजवण्याची कोकणातील रीत किंवा डाळ मऊ शिजवून घोटण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत यांमागे त्यामुळे पोषणाचाही आधार आहे. डाळींत मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी, तर धान्यांत लायसिन कमी असते. म्हणून वरणभात किंवा वऱ्हाडातल्याप्रमाणे ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते.

नीरा व इतर संशोधन

ताडवर्गीय झाडांपासून मिळणारा ताजा, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. तिच्या पोषणमूल्यांचा अभ्यास राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हाती घेतला. नीरेत जीवनसत्त्वे व लोह उपयुक्त प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांचे आरोग्य सुधारल्याचे दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला. मुंबईच्या आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाची प्रत सुधारण्याच्या कामी त्यांनी साहाय्य केले.

संस्थेतील अंतर्गत राजकारणामुळे संचालकपदापासून त्यांना सुमारे चार वर्षे दूर राहावे लागले. पुढे त्या पदावर त्यांची नियुक्ती झाली.

ग्राहक चळवळ

मुंबईत १९६६ मध्ये नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या कार्यात कमलाबाई सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी त्यांनी लेखन केले. प्रयोगशाळेतील ज्ञान सामान्य गृहिणीच्या हाती द्यावे, ही त्यामागील भूमिका होती.

निधन व महत्त्व

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या व लवकरच त्यांचे निधन झाले. १८ जून २०२३ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध करून त्यांना आदरांजली वाहिली.

कमलाबाईंचे नाव बहुधा रामन यांनी नाकारलेल्या प्रवेशाच्या संदर्भात घेतले जाते. स्त्रियांना उच्च विज्ञानशिक्षणाची दारे खुली होण्याच्या दृष्टीने तो प्रसंग महत्त्वाचा आहेच. तथापि त्यांच्या संशोधनाचे मोल त्याहून वेगळे आहे. अन्नातील प्रथिनाचे केवळ प्रमाण न मोजता पेशीत व प्राण्याच्या शरीरात त्याचे कार्य तपासावे, ही दृष्टी त्यांनी गरिबाच्या ताटातील वाल, मटकी, रताळे अशा पदार्थांना लावली. भारतीय आहारशास्त्रात त्यांचे स्थान त्यामुळे महत्त्वाचे ठरते.