पांडुरंग खानखोजे : चापिंगोतील अध्यापनपर्व

मराठीतील क्रांतिकारक-चरित्राचा आराखडा बहुतांशी ठरून गेलेला आहे. बालपणीची स्वातंत्र्याची ओढ, परदेशगमन, शस्त्रांची जुळवाजुळव आणि अखेर बलिदान किंवा तुरुंगवास, असा त्याचा क्रम असतो. ज्याच्या वाट्याला बलिदानाऐवजी दीर्घकाळची मास्तरकी आली, त्याचे काय करावे याचे उत्तर या आराखड्यात नाही. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे (१८८४-१९६७) यांच्याबाबतीत हा पेच स्पष्ट दिसतो. गदर चळवळीतील आणि इराणच्या आघाडीवरील खानखोजे विस्ताराने सांगितले जातात. मेक्सिकोतील शेतकीचे प्राध्यापक मात्र उपसंहारापुरते येतात. वस्तुतः त्यांच्या प्रौढ आयुष्याचा सर्वांत सलग कालखंड तोच होय.

जन्म वर्ध्याचा, शिक्षण वर्धा आणि नागपूर येथे. टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण जपानमार्गे अमेरिकेस पोहोचला आणि तेथे त्याने दोन विद्या संपादन केल्या : कॅलिफोर्नियातील लष्करी शाळेत युद्धविद्या, तर ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतकी. चरित्रकारांचे लक्ष सहसा पहिल्या विद्येवर खिळते, दुसरी ही जणू वेशांतराची सोय. पुढील घटनाक्रम या समजुतीस दुजोरा देत नाही. पहिल्या महायुद्धात मुसलमानी नाव धारण करून त्यांनी इराणात इंग्रजांविरुद्ध लढा दिला, त्यानंतर बर्लिन व १९२१ मध्ये मॉस्को गाठले. सर्व वाटा खुंटल्यावर १९२४ मध्ये ते मेक्सिकोस आले, तेव्हा उपयोगी पडली ती शेतकीच. आणि कामास आली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या दिवसांत जुळलेली रामोन दे नेग्री यांच्यासारखी मेक्सिकन ओळख.

राष्ट्रीय शेतकी विद्यालय त्याच सुमारास मेक्सिको शहराच्या पूर्वेस, तेस्कोकोजवळील चापिंगो येथे हलविण्यात आले होते. एका माजी राष्ट्राध्यक्षाची ही विस्तीर्ण जहागीर. राज्यक्रांतीनंतर तेथे शेतकऱ्यांसाठी शिक्षण सुरू झाले. तेथील जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा भूमीची चित्रे रंगवीत असतानाच, १९२६-२७ च्या काळात, हा विदर्भातील प्राध्यापक त्याच आवारात स्पॅनिशमधून शिकवीत होता. मराठीत वाढलेल्या आणि इंग्रजीत शेतकी शिकलेल्या माणसाने चाळिशीत तिसऱ्या भाषेत अध्यापन करणे ही साधी गोष्ट नव्हे.

वर्गाइतकेच महत्त्व शेताला होते. मक्याच्या संकराचे काम मोठ्या चिकाटीचे असते. कणसातून केसर बाहेर पडण्यापूर्वी त्यावर पिशवी चढवायची, निवडलेल्या तुऱ्यातील पराग योग्य वेळी त्यावर झाडायचा, पुन्हा झाकायचे, खूण बांधायची आणि पुढच्या हंगामाची वाट पाहायची. मक्याचा रानटी आप्त जो तेओसिंते, त्याच्याशी संकर करण्याचे प्रयोगही खानखोजे यांनी केले. ज्या देशात हे पीक हजारो वर्षांपूर्वी माणसाळले, त्या देशात एका परकीयाने त्याचे नवे वाण सुचवावे, हे धाडस म्हटले पाहिजे. वाणांविषयीचे त्यांचे स्पॅनिश पुस्तक १९३० मध्ये निघाले.

विद्यालयाच्या पगारी कामाबाहेर त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतकी शाळा उभारल्या. त्यांपैकी एकीस एमिलिआनो झापाता यांचे नाव होते. ज्याला चापिंगोपर्यंत येणे शक्य नाही अशा कुळाच्या दारी विनामूल्य विद्या न्यावी, हा त्यांचा हेतू. तिना मोदोत्ती या छायाचित्रकर्तीने या शाळांची आणि खानखोजे यांच्या कणसांची छायाचित्रे घेतली. १९३० च्या प्रारंभी तिला मेक्सिकोतून हद्दपार करण्यात आले. शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतील रिव्हेरा यांच्या भाकरी वाटण्याच्या भित्तिचित्रात मध्यभागी बसलेली व्यक्ती खानखोजे हेच होत, असे मानले जाते. हातात बंदूक नाही, भाकरी आहे. गदरचा शेतमजुरांशी असलेला संबंध लक्षात घेता हा मार्गबदल नव्हे; त्याच कामाचे हे दुसरे अंग ठरते.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन युवतीशी विवाह केला. घर मेक्सिकोत थाटले, मुली तेथेच वाढल्या. थोरली कन्या सावित्री साहनी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी आठवणींमुळे हे घरगुती अंग अभ्यासकांस उपलब्ध झाले.

परतीची कहाणी क्लेशदायक आहे. स्वातंत्र्यानंतरही इंग्रजी अमदानीतील काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते. १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या शासनाने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना पाचारण केले, तरी मायदेशात प्रवेश मिळविताना त्यांना या यादीचा अडथळा सोसावा लागला. १९५५ मध्ये ते नागपुरास कायमचे आले. तेव्हा वय सत्तरीचे. मेक्सिकोत विद्यार्थी होते, येथे सत्कार होते. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरातच त्यांचे निधन झाले.