पदवी नसलेला प्राध्यापक : पॅट्रिक गेडिस

मुंबई विद्यापीठात १९१९ साली नागरिकशास्त्र व समाजशास्त्र हा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस यांच्याजवळ परीक्षा देऊन मिळविलेली एकही पदवी नव्हती. घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढलेल्या माझ्यासारखीला हे वाचून गंमत वाटली, आणि खरे सांगायचे तर धीरही आला. समाजशास्त्राच्या तासाला ज्यांचे नाव हमखास येते त्या डॉ. घुर्ये यांना विलायतेस पाठविण्यासाठी निवडणारे हेच.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकाचे काम दुरावले. १८८६ साली लग्न झाल्यावर त्यांनी पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या, बकाल वस्तीत बिऱ्हाड केले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन घरे झाडली, भिंती रंगविल्या, वीतभर मोकळी जागा मिळेल तेथे झाडे लावली. माझ्या मते त्यांची नगररचनेची खरी शाळा हीच.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ साली, वयाच्या साठीत, ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगर-प्रदर्शनाचे सामान आणणारी बोट एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडविली. त्यांनी नवे प्रदर्शन उभे केले.

त्या काळी शहरे सुधारण्याचे काम इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाच्या सरकारी संस्थांकडे असे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये असा ट्रस्ट निघाला. हेतू चांगला होता. पण नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढायची आणि रेघेत येतील ती घरे पाडायची, अशी रीत. रस्ते रुंद झाले, हवा-उजेड आला, पण उठविलेली माणसे शेजारच्या आळीत दाटीने शिरली. गर्दी हटली नाही, नुसती सरकली. आमच्या तालुक्याच्या गावी रस्तारुंदीच्या लाल खुणा भिंतींवर उमटल्या, तेव्हा बायाबापड्या हेच विचारीत होत्या : जायचे कुठे?

गेडिस यांचे भांडण त्या रेघेशी होते. ते आधी गल्लीबोळ पायी हिंडत. विहीर, देऊळ, पार, झाड यांची नोंद करीत. मग अगदी पडायला आलेली घरे तेवढी काढायची, त्या जागी लहान चौक सोडायचा, बाकीची वस्ती राखायची. जुनी तळी हिवतापाच्या भीतीने बुजविण्यास त्यांचा विरोध होता. तळ्यात मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातील. पावसाचे पाणी मुरायला जागाही राहील, असा त्यांचा हिशेब. शिवाय असा बेत सरसकट पाडापाडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडे!

होळकरांच्या इंदुरात तर त्यांनी कमालच केली. दरबाराकडून एका दिवसापुरते महाराजपद मागून घेतले आणि दवंडी पिटविली की दिवाळीची मिरवणूक ज्या भागात सर्वांत जास्त साफसफाई झाली असेल तेथूनच जाईल. गावभर केर निघाला. मिरवणुकीत प्लेगचे उंदीर होते, घाणीचा राक्षस होता, आणि पांढऱ्या स्वच्छ पोशाखात, गळ्यात हार घातलेले झाडूवालेही होते. त्या काळी हे किती मोठे होते! १९१८ साली त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत निघाला.

त्याच्या आदल्या वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने, त्यांचा थोरला मुलगा युद्धात मारला गेला आणि ॲना आजारपणात गेल्या. तरीही काम थांबले नाही.

त्यांच्या पुष्कळशा योजना कागदावरच राहिल्या. प्रकृती ढासळल्याने १९२४ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मुंबईचा ट्रस्ट महापालिकेत विलीन करण्यात आला.