लेव्ह आर्त्सिमोविच : स्वतःच्या प्रयोगाचा कठोर परीक्षक

सूर्य कशाच्या बळावर तेवत राहतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हायड्रोजनची हलकी अणुकेंद्रके एकमेकांत विलीन होतात आणि त्यातून ऊर्जा बाहेर पडते. हीच क्रिया प्रयोगशाळेच्या चार भिंतींत, काबूत ठेवून घडवावी यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत लेव्ह आंद्रेयेविच आर्त्सिमोविच यांचे नाव अग्रभागी येते. विज्ञान शाखेकडे वळलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना ‘टोकामॅक’ हा शब्द परिचित असेल. त्यामागचा हा माणूस मात्र क्वचितच कोणाला आठवतो. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९०९ रोजी मॉस्कोत झाला. मिन्स्क येथील विद्यापीठातून ते १९२८ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी पदवीधर झाले आणि १९३० मध्ये लेनिनग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत दाखल झाले. आब्राम योफे यांच्या या संस्थेने सोव्हिएत देशाला भौतिकशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी दिली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन परस्परांना नष्ट करतात तेव्हा ऊर्जा व संवेग यांच्या अक्षय्यतेचे नियम पाळले जातात की नाही, अशी शंका त्या काळी घेतली जात होती. अलिखानोव्ह व अलिखान्यान या भावांसह आर्त्सिमोविच यांनी १९३६ मध्ये प्रयोग करून नियम अबाधित असल्याचे दाखविले. पुढे महायुद्धाच्या अखेरीस ते कुर्चातोव्ह यांच्या मॉस्कोतील प्रयोगशाळेत गेले व युरेनियमचे समस्थानिक विद्युतचुंबकीय पद्धतीने वेगळे करण्याचे काम त्यांनी केले. ते काम अण्वस्त्रासाठी होते, हे लपविण्याचे कारण नाही.

१९५१ मध्ये नियंत्रित केंद्रकसंमीलनाच्या प्रायोगिक कार्याची धुरा त्यांच्याकडे आली. या विषयाचा आरंभही लक्षात ठेवण्याजोगा आहे. सखालिन बेटावर सैन्यात असलेल्या ओलेग लाव्हरेन्त्येव्ह नावाच्या तरुण सार्जंटने १९५० मध्ये मॉस्कोला एक टिपण धाडले. ते परीक्षणासाठी साखारोव्ह यांच्या हाती पडले आणि त्यातून त्यांच्या विचाराला चालना मिळाली. त्यानंतर साखारोव्ह व ताम यांनी चुंबकीय क्षेत्रात तप्त वायू कोंडण्याची कल्पना मांडली. वसतिगृहात राहून शिकलेल्या आमच्या वाचकांना ही हकिकत आवडेल, असे वाटते.

आर्त्सिमोविच यांच्या गटाने प्रथम सोपा वाटणारा मार्ग धरला. नळीत ड्यूटेरियम वायू भरायचा, कपॅसिटरांच्या संचात विद्युतभार साठवायचा आणि तो एका क्षणात वायूतून सोडायचा. वायूचा प्लाझ्मा होतो, प्रचंड प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र त्यालाच चहूबाजूंनी आवळते, आणि आवळलेला प्लाझ्मा तापतो. यास ‘पिंच’ म्हणतात. १९५२ मध्ये अशा प्रयोगांत न्यूट्रॉन दिसले. ड्यूटेरियमची केंद्रके एकमेकांत मिसळली की न्यूट्रॉन निघतात. म्हणजे यश हाती आलेच, असे कोणालाही वाटले असते. वादळी घोषणेचा मोह त्या काळात किती मोठा होता, याचे उदाहरण ताजेच होते. अर्जेंटिनाच्या पेरॉन यांनी १९५१ च्या मार्चमध्ये असाच विजय जगजाहीर केला होता व तो पोकळ निघाला होता.

आर्त्सिमोविच यांचे खरे मोठेपण आम्हांस येथे दिसते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे न्यूट्रॉन नेमके कोठून आले, याचा कसून शोध घेतला. आवळलेला प्लाझ्मा स्थिर राहत नव्हता. तो वेडावाकडा होई, मध्येच त्याला माना पडत. तेथे निर्माण होणारी तीव्र विद्युतक्षेत्रे थोड्या केंद्रकांना भरधाव पळवीत आणि ती इतरांवर आदळून न्यूट्रॉन निघत. लावलेल्या व्होल्टेजच्या मानाने कितीतरी अधिक ऊर्जेचे क्ष-किरणही मिळत होते, ते याच कारणाने. चुलीवरचे आधण उकळणे वेगळे आणि तापल्या तव्यावर चार थेंब तडतडणे वेगळे. न्यूट्रॉन खरे होते, पण सबंध वायू तापल्याची ती खूण नव्हती. ज्या सत्तेला विजयाची वार्ता हवी होती, तिच्या आश्रयाने काम करीत असताना असा निष्कर्ष काढणे सोपे नव्हते.

२५ एप्रिल १९५६ रोजी कुर्चातोव्ह यांनी इंग्लंडमधील हारवेल येथे व्याख्यान देऊन हे सारे गुपित उघड केले. तरीही त्याच हारवेलमध्ये ‘झीटा’ यंत्रातील न्यूट्रॉनांवरून जानेवारी १९५८ मध्ये यशाची घोषणा झाली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली.

पिंचचा मार्ग तेथे संपला नाही. त्याच संस्थेतील निकोलाय फिलिपोव्ह यांनी रुंद इलेक्ट्रोडांची रचना वापरून प्रवाहाचा पडदा एका बिंदूपाशी कोसळविला. अमेरिकेत लॉस अलामॉस येथे मॅदर यांनी एकात एक बसविलेल्या दोन नळ्यांच्या रचनेतून स्वतंत्रपणे तेच साधले. हेच ‘प्लाझ्मा फोकस’.

आर्त्सिमोविच स्वतः मात्र बांगडीच्या आकाराच्या टोकामॅककडे वळले. १९६८ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत त्यांनी टी-३ यंत्रातील सुमारे एक कोटी अंश तापमानाचे निष्कर्ष मांडले. पाश्चात्त्यांनी शंका घेतली. तेव्हा शीतयुद्धाच्या त्या दिवसांतही ब्रिटिश शास्त्रज्ञांना लेसर उपकरणांसह मॉस्कोत बोलाविण्यात आले. १९६९ मध्ये त्यांनी स्वतः मोजमाप केले आणि दावा खरा ठरला. त्यानंतर अनेक देशांच्या प्रयोगशाळा टोकामॅककडे वळल्या. १ मार्च १९७३ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आर्त्सिमोविच यांचे निधन झाले.

होमी भाभा यांनी १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत अध्यक्षपदावरून केंद्रकसंमीलनाची ऊर्जा वीस वर्षांत साध्य होईल, असे भाकीत केले होते. ते अद्याप पुरे व्हायचे आहे. त्यांच्याच तुर्भे येथील केंद्रात प्लाझ्मा फोकसवर प्रयोग झाले आहेत. अशा यंत्राभोवती आजही न्यूट्रॉन मोजणारी उपकरणे अक्षाच्या दिशेला व काटकोनात अशी दोन्हीकडे ठेवतात. दोहोंतील फरकावरून केंद्रकांचा झोत किती आणि उष्णता किती, याचा अंदाज घेतला जातो.