थेंबातील जग पाहणारे कापड दुकानदार : अँटोनी व्हॅन ल्युवेनहॉक

विद्यार्थी मित्रांनो, सूक्ष्मजीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो. मग ते आहेत हे माणसाला कळलं कसं? आणि ज्यांनी ते पहिल्यांदा पाहिले, त्यांच्यावर लोकांनी विश्वास तरी कसा ठेवला? चला, आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

बालपण व व्यवसाय

ल्युवेनहॉक यांचा जन्म 1632 साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावी झाला. वडील टोपल्या विणायचे. ते लवकर वारले. वयाच्या 16 व्या वर्षी ल्युवेनहॉक अ‍ॅमस्टरडॅमला एका कापड दुकानात काम शिकायला गेले. पुढे 1654 मध्ये डेल्फ्टला परत येऊन त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. ते कधी विद्यापीठात गेले नाहीत. डच सोडून दुसरी भाषाही त्यांना येत नव्हती.

त्या काळी कापडाचा पोत आणि धाग्यांची वीण तपासायला दुकानदार भिंग वापरत. ल्युवेनहॉक यांना या भिंगाचाच नाद लागला. ते स्वतः भिंगं तयार करू लागले. दोन छोट्या धातूच्या पट्ट्या, मध्ये ज्वारीच्या दाण्याहून लहान भिंग आणि वस्तू टोचायला एक सुई, बस्स! एवढंच ते उपकरण. पण त्यांचं आज शिल्लक असलेलं एक उपकरण वस्तू सुमारे 266 पट मोठी दाखवतं.

मिरीच्या पाण्यातला शोध

डेल्फ्टमधील डॉक्टर रेनिअर डी ग्राफ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला या माणसाबद्दल कळवलं. 1673 पासून ल्युवेनहॉक आपली निरीक्षणं तिथे पत्राने पाठवू लागले. 1674 मध्ये त्यांना तळ्याच्या पाण्यात हालचाल करणारे बारीक जीव दिसले.

पुढची गंमत ऐका. मिरी तिखट का लागते, हे त्यांना शोधायचं होतं. म्हणून त्यांनी मिरी पाण्यात भिजत ठेवली. काही दिवसांनी तो थेंब भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले! तिखटपणाचं कारण काही सापडलं नाही, पण जीवाणू सापडले. 1676 मध्ये त्यांनी हे लंडनला कळवलं.

विश्वास कोण ठेवणार?

लंडनच्या विद्वानांना ते पटेना. सुरुवातीला त्यांना स्वतःला ते जीव दिसलेही नाहीत. तेव्हा ल्युवेनहॉक चिडून बसले नाहीत. त्यांनी गावातल्या आठ प्रतिष्ठित लोकांना थेंब दाखवला आणि त्यांच्या लेखी साक्षी पाठवल्या. शेवटी 1677 मध्ये रॉबर्ट हूक यांनी प्रयोग करून तेच जीव पाहिले. पेशीला नाव देणारे हूक ते हेच, बरं का! 1680 मध्ये रॉयल सोसायटीने या दुकानदाराला आपलं सदस्य करून घेतलं.

1683 मध्ये त्यांनी स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर तपासला. आयुष्यात कधी दात न घासलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडातला थरही पाहिला. तिथे तर जीवाणूंची जत्राच होती!

एक गुपित

ल्युवेनहॉक यांनी 500 हून अधिक भिंगं बनवली, सोसायटीला सुमारे 190 पत्रं लिहिली. जे पाहिलं ते सगळ्यांना सांगितलं. पण सर्वांत चांगली भिंगं कशी बनवतात आणि ती कशी वापरतात, हे मात्र कुणालाच सांगितलं नाही. 1723 मध्ये वयाच्या 90 व्या वर्षी त्यांचं निधन झालं आणि ती कला त्यांच्याबरोबरच गेली. पुढे बराच काळ इतरांना तेवढं स्पष्ट पाहता आलं नाही. जीवाणूंमुळे रोग होतात हे पाश्चर आणि कॉख यांनी सिद्ध करेपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं गेली. या उशिराला इतरही कारणं होती, पण बंद राहिलेली विद्या हे त्यातलं एक.

म्हणून मित्रांनो, या चरित्रातून दोन गोष्टी घ्या. एक, लहानशी गोष्टही नीट निरखून पाहा आणि जे दिसलं ते इतरांना तपासू द्या. दुसरी, आपल्याला जमलेली युक्ती शेजारच्याला शिकवा. सांगितल्याने विद्या संपत नाही, उलट वाढते.

विचार करा, सांगा
1. ल्युवेनहॉक यांनी आठ जणांच्या साक्षी का पाठवल्या असतील?
2. त्यांनी आपली पद्धत सांगितली असती तर काय झालं असतं?

करून पाहा : शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली डबक्यातल्या पाण्याचा थेंब ठेवा. जे दिसेल त्याचं चित्र वहीत काढा आणि मित्राच्या चित्राशी ताडून बघा. नंतर हात साबणाने धुवायला विसरू नका!