बाबूराव पेंटर : कोल्हापुरात घरच्या घरी सिनेमाचा कॅमेरा बनवणारा मिस्त्री

बाबूराव पेंटर म्हटलं की आपल्याला सिनेमाचे पडदे, पोस्टर आणि 'सैरंध्री' आठवते. मला मात्र ते आधी मेकॅनिक वाटतात. म्हणून आज त्यांच्या आयुष्याकडे मशीनच्या बाजूने बघूया.

मेस्त्रींचं घर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घर कारागिराचं, त्यामुळे हत्यारं लहानपणापासून हाताखालची. चित्रकला त्यांनी कोणत्याही आर्ट स्कूलमध्ये न जाता कमावली. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यावरून दोघांनाही 'पेंटर' हे नाव चिकटलं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. या दोघा भावांनाही सिनेमा काढायचा होता. फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला होता. विलायती कॅमेरा विकत घेणं यांच्या खिशाला झेपणारं नव्हतं. मग ठरलं, आपणच बनवायचा!

यात अवघड काय होतं?

कॅमेरा म्हणजे भिंग लावलेली पेटी, असं वाटतं. पण सिनेमाच्या कॅमेऱ्याचा जीव असतो त्याच्या गिअरमध्ये. हिशोब बघा.

- ३५ मिमी फिल्मवर प्रत्येक चित्रासाठी कडेला ४ भोकं असतात. एका चित्राची उंची साधारण १९ मिमी.
- मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं घेत. म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म!
- फिल्म सलग सरकून चालत नाही. एक आकडा भोकात शिरतो, फिल्म एक घर खाली ओढतो आणि मागे येतो. फिल्म थांबलेली असते तेवढ्यातच चित्र उमटतं. ती सरकत असताना गोल झडप उजेड अडवते.
- झडप अर्धगोल असेल तर प्रत्येक चित्राला सेकंदाचा ३२ वा भाग उजेड मिळतो.
- हाताने दांडा सेकंदाला दोन वेळा फिरवायचा, तर झडप १६ वेळा फिरायला हवी. म्हणजे गिअर एकास आठ.

आता समजा आकड्यात ०.१ मिमी प्ले राहिला. फिल्मवर तो डोळ्याला दिसणारही नाही. पण तेच २४ मिमी रुंद चित्र १२ फुटी पडद्यावर जवळपास १५० पट मोठं होतं. तिथं तो प्ले १५ मिमी होतो आणि अख्खा सीन थरथरतो.

मी सध्या शोकेससाठी एक चालतं छोटं लेथ मशीन बनवतोय, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं कळतं. मशीनचं माप दहापट लहान करता येतं, पण स्पिंडल फिरायला लागणारी फट काही त्या हिशोबात लहान होत नाही. मोठ्या लेथमध्ये खपून जाणारी चूक छोट्यात लगेच दिसते. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. शाफ्ट, बुश, गिअर सगळं बारीक आणि सगळं एकमेकांवर अवलंबून.

अर्धवट राहिलेला कॅमेरा

१९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अजून पूर्ण झाला नव्हता. नुसता भाऊ नाही, कामातला जोडीदारच गेला. इथं हे सगळं थांबलं असतं, तर कुणी नावं ठेवली नसती. पडद्यांची कामं होतीच.

बाबूरावांनी काम सोडलं नाही. मदतीला विष्णुपंत दामले होते, तेही यंत्रात डोकं चालणारे. १९१८ च्या सुमारास कॅमेरा पूर्ण झाला. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

पडद्यावरची परीक्षा

फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यात 'सैरंध्री' लागला आणि घरी बनवलेला कॅमेरा लोकांसमोर पास झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे १९२३ चा 'सिंहगड' आणि १९२५ चा 'सावकारी पाश' आला. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट त्यांनी देवादिकांच्या सिनेमांच्या जमान्यात सांगितली.

त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम तयार झाले. १९२९ मध्ये त्यांनीच बाहेर पडून कोल्हापुरात 'प्रभात' काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. कॅमेरा बनवणाऱ्या दामल्यांनी पुढे फत्तेलाल यांच्यासोबत 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. बाबूराव १६ जानेवारी १९५४ ला गेले.

यातून काय घ्यायचं?

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिथून जाताना जरा थांबून बघा. आणि घरी एखादं छोटं मशीन बनवत असाल, तर त्यांच्या कामातली एक गोष्ट लक्षात ठेवा. आधी तयार वस्तू उघडून नीट समजून घ्या, कुठला भाग नेमका असायलाच हवा ते ठरवा आणि सगळ्यात जास्त वेळ त्याच भागाला द्या. बाकीच्या पेटीला पॉलिश नंतरही करता येतं.