जॉर्ज लेक्लांशे आणि त्यांचा घट

शाळेत लेक्लांशे घटाची आकृती मी अनेकदा काढली. त्या माणसाचे चरित्र मात्र बडोद्यास कॉमर्सला आल्यावर वाचले.

जॉर्ज लेक्लांशे १८३९ साली फ्रान्समध्ये जन्मले. १८६० मध्ये इंजिनिअर होऊन ते रेल्वे कंपनीत लागले. पुढे राजकीय कारणांमुळे त्यांना ब्रुसेल्सला जावे लागले. १८६६ साली त्यांनी आपल्या घटाचे पेटंट घेतले. जस्ताची कांडी, नवसागराचे द्रावण आणि मँगनीज डायऑक्साइडने वेढलेला कार्बन, इतकेच साहित्य! पुढे बेल्जियमच्या तारखात्याने तो घट स्वीकारला.

मात्र त्याला मर्यादा होती. वीज वाहताना कार्बनवर हायड्रोजन साचतो. मँगनीज डायऑक्साइड तो नाहीसा करतो, पण सावकाश. म्हणून जास्त प्रवाह ओढला की घट थकतो आणि विश्रांतीनंतर सावरतो. तारयंत्राला व घंटीला वीज थांबून थांबून लागते. तेथे तो चांगला चालला.

आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, खात्यातील शिल्लक वेगळी आणि एका वेळी काढता येणारी रक्कम वेगळी. आमच्या भिंतीवरचे घड्याळ दीड व्होल्टच्या एका पेन्सिल सेलवर वर्षभर चालते. खेळण्यातील मोटार तोच सेल काही तासांत संपवते.

लेक्लांशे १८८२ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. कोरडा सेल नंतर कार्ल गासनर यांनी केला. आपली तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. स्वस्त सेलमध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड मात्र अजून आहेत.